घरच्यांचा विरोध नव्हता

मी टूर मॅनेजर आहे. बाल्कनच्या सहलीत बोस्नियाची राजधानी साराजेवो इथं व्रबान्या पुलावर आम्ही थांबतो. स्थानिक गाइड सांगत जाते, मी मराठीत सांगत जाते. त्या दिवशी अदमिरा इस्मिच आणि बोश्को ब्रकिच यांची हकीकत चालू होती.

ती मुसलमान, तो सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजातला, दोघंही पंचविशीच्या आसपासची. मे १९९३. बोस्नियात युद्ध चालू होतं, शहराला सर्ब फौजांचा वेढा पडून वर्ष उलटलेलं. दोन्ही बाजूंकडून गोळी चालणार नाही असा शब्द मिळाल्यावर दोघं नदीपलीकडच्या, सर्बांच्या ताब्यातल्या ग्रबावित्सा वस्तीकडे निघाले. पुलाजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. बोश्को जागीच गेला. जखमी अदमिरा सरपटत त्याच्यापाशी पोचली, त्याला मिठी घातली आणि तिथंच तिनं प्राण सोडला. दोन सैन्यांमधल्या त्या पट्ट्यात कित्येक दिवस त्यांना उचलायला कुणी धजावलं नाही. दोन्ही बाजू आजही एकमेकींकडे बोट दाखवतात.

ग्रुपमधल्या एका काकूंनी विचारलं, "पण विरोध कुणाचा होता गं? मुलीकडच्यांचा की मुलाकडच्यांचा?"

मी प्रश्न गाइडला सांगितला. ती म्हणाली, "आईवडिलांपैकी कुणाचाच नाही. दोघांच्याही घरी माहीत होतं."

काकूंना ते पटेना. मग गाइड १९८४ सालाबद्दल बोलायला लागली. हिवाळी ऑलिंपिक साराजेवोत भरलं होतं, ही दोघं तेव्हा शाळकरी वयाची. शहरात सर्ब, क्रोएट, मुसलमान अशी मिश्र लग्नं सर्रास होत. युद्ध पेटल्यावर बोश्कोची आई शहराबाहेर पडली, तो मात्र अदमिरासाठी मागं राहिला. वेढा घालणारे सर्ब होते आणि वेढ्याच्या आत हा सर्ब मुलगा.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना साराजेवोचे रोमिओ-ज्युलिएट म्हटलं. मला ते नाव मनापासून खटकतं. इथं वैर धरलेली दोन घराणी नव्हतीच. घरात ज्या प्रेमाला मज्जाव नव्हता, त्याच्यावर मज्जाव आणला तो पुढाऱ्यांनी आणि बंदुकांनी. घरच्यांवर ठपका ठेवला की खरे दोषी नामानिराळे राहतात.

आधी दोघांना सर्बांच्या ताब्यातल्या लुकावित्सात पुरलं होतं. १९९६ मध्ये त्यांना शहरातल्या 'लाव' दफनभूमीत आणलं. ही बातमी जगापुढे आणणारे रॉयटर्सचे कर्ट शॉर्क २००० साली सिएरा लिओनमध्ये मारले गेले. त्यांच्या अस्थींचा एक भाग या दोघांच्या शेजारीच आहे. ग्रुप तिथं बराच वेळ रेंगाळला, मीही घाई केली नाही.

बसकडे परतताना काकूंनी गाइडला विचारलं, "आणि तू कोण, बाळ?"

"आई मुसलमान, वडील सर्ब. शाळेत हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. आता सरकार विचारतं."

युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारातून आलेल्या राज्यघटनेत बोस्नियाक (म्हणजे इथले मुसलमान), सर्ब आणि क्रोएट हे तीन प्रमुख समाज, बाकीचे सगळे 'इतर'. तिनं आईवडिलांपैकी एकाचीच बाजू निवडायला नकार दिला, म्हणून ती 'इतर'. देशाच्या तीन सदस्यांच्या अध्यक्षमंडळासाठी 'इतर' माणसाला उभंच राहता येत नाही. एका रोमा (जिप्सी) आणि एका ज्यू नागरिकानं याविरुद्ध दाद मागितली, आणि २००९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव असल्याचा निकाल दिला.

"मग बदललं का काही?" काकूंनी विचारलं.

"नाही. निकालाची अंमलबजावणी अजून व्हायची आहे," ती म्हणाली.