सोलो, कुर्याकिन आणि आठ चित्रपट : पाचव्यापर्यंतची नोंद

'द मॅन फ्रॉम अंकल' ही 1960 च्या दशकातली अमेरिकन हेरमालिका; सोलो आणि कुर्याकिन हे तिचे दोन नायक, 'अंकल' या गुप्तहेर संघटनेचे हेर. तिच्या भागांवरून केलेले आठही चित्रपट मूळ भागांसोबत पाहायचे, हा उपक्रम आता पाचव्या चित्रपटापर्यंत पोचला आहे. पद्धत साधी आहे. आधी मालिकेतला भाग, मग चित्रपट. चित्रपटात नवा तुकडा आला की तिथेच थांबवून वहीत नोंद. 'भाग जोडून केलेले चित्रपट' म्हणून यांना बाजूला सारणाऱ्यांशी मी आता अजिबात सहमत नाही. एकच प्रसंग घरच्या पडद्यासाठी कसा ठेवला आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसाठी कसा वाढवला, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या चित्रपटाला, 'टु ट्रॅप अ स्पाय'ला दिला आणि तो सत्कारणी लागला. त्याचा मूळ भाग म्हणजे मालिकेचा पायलट, नमुना म्हणून आधी केलेला पहिला भाग. तो 1963 च्या अखेरीस रंगीत चित्रित झाला होता. पण पहिला सीझन कृष्णधवल असल्यामुळे 22 सप्टेंबर 1964 ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर तो 'द व्हल्कन अफेअर' या नावाने कृष्णधवलच दाखवला गेला. चित्रपटात तेच प्रसंग रंगात आहेत. खलनायक व्हल्कनच्या घरच्या पार्टीत पॅट्रिशिया क्राउली पहिल्यांदा नटूनथटून येते, तेव्हा एका साध्या गृहिणीचं झालेलं रूपांतर रंगात जास्त पटतं. पण मुख्यालयातले आणि कारखान्यातले प्रसंग मला कृष्णधवलमध्येच अधिक करकरीत वाटले. सावल्यांना तिथे वजन आहे.

'अंकल' संघटनेचा प्रमुखही दोन्हीकडे वेगळा. पायलटमध्ये विल कुलुव्हाचा ॲलिसन होता. मालिका सुरू होण्याआधी तो बदलला आणि लिओ जी. कॅरलला वेव्हर्ली म्हणून घेऊन ते प्रसंग पुन्हा चित्रित केले. चित्रपटात मात्र ॲलिसनच राहिला. रॉबर्ट व्हॉनचा सोलो ॲलिसनसमोर नुसता हुकूम ऐकणारा अधिकारी वाटतो. वेव्हर्लीसमोर त्याच्या वागण्यात थोडा खोडकरपणा येतो, आणि पुढचे चार सीझन मालिका त्याच नात्यावर उभी राहिली. शत्रुसंघटनाही टीव्हीवर 'थ्रश' आणि चित्रपटात 'वास्प'. डेव्हिड मॅकॅलमचा इल्या कुर्याकिन या कथेत जेमतेम दिसतो. हाच माणूस पुढे मालिकेचा अर्धा भार उचलणार आहे, याची इथे कुणाला चाहूलही लागणार नाही.

लुचियाना पालुत्झीचे प्रसंग खास चित्रपटासाठी घेतले होते. पन्नासेक मिनिटांच्या कथेचा दीड तास करायचा, तर भर हवीच. पण ते वाया गेले नाहीत: फेब्रुवारी 1965 मध्ये 'द फोर-स्टेप्स अफेअर' या भागात ते पुन्हा वापरले गेले. म्हणून या जोडीला तिसरा भाग लावूनच पाहा. एकच चित्रीकरण दोन वेगळ्या कथांत बसवणाऱ्या संकलकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

'द स्पाय विथ माय फेस' म्हणजे 'द डबल अफेअर'. प्लॅस्टिक सर्जरी करून सोलोचा तोतया तयार केला जातो, आणि व्हॉन दोघांनाही वेगळं चालायला लावतो. पाहताना त्याच्या खांद्यांकडे लक्ष ठेवा. सेंटा बर्गरचे वाढवलेले प्रसंग सुंदर आहेत, पण कथेचा वेग तिथे मंदावतो. या एका बाबतीत माझं मत टीव्हीच्या बाजूने.

तिसऱ्या चित्रपटापासून गणित उलटतं. 'वन स्पाय टू मेनी' दोन भागांच्या 'अलेक्झांडर द ग्रेटर अफेअर'वरून केला, त्यामुळे इथे भर घालण्याइतकीच काटछाटही करावी लागली. दहाही धर्माज्ञा मोडायला निघालेला अलेक्झांडर रिप टॉर्नने इतक्या शांतपणे केलाय की अंगावर येतो. वेव्हर्लीची भाची म्हणून इव्हॉन क्रेग फक्त चित्रपटात आहे. पुढे 1967 मध्ये ती 'बॅटमॅन' मालिकेत बॅटगर्ल झाली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी हा चित्रपट चुकवू नये. 'वन ऑफ अवर स्पाइज इज मिसिंग' पाहून झाला. वहीत फारसं काही उतरलं नाही.

'द स्पाय इन द ग्रीन हॅट'ने मात्र पुन्हा उत्साह आणला. तिसरा सीझन विनोदाकडे फार झुकला म्हणून मालिकेच्या आपल्या चाहत्यांतले बरेच जण तो टाळतात. मूळचा 'द काँक्रीट ओव्हरकोट अफेअर' त्याच सीझनमधला, नोव्हेंबर-डिसेंबर 1966 चा. तरी जॅक पॅलन्सच्या घाबरट खलनायकासमोर जॅनेट ली मांडीला सुरा बांधून उभी राहते, तेव्हा विनोदाखाली खरी भीती जाणवते. चित्रपटात तिच्या क्रौर्याला जास्त मोकळीक मिळाली आहे. म्हाताऱ्या गुंड भावांच्या भूमिकांत एडुआर्डो चानेली, ॲलन जेंकिन्स, जॅक ला रू असे जुन्या गँगस्टरपटांतले चेहरे आहेत. ते ओळखत बसण्यात माझी एक संध्याकाळ आनंदात गेली. नेल्सन रिडलचं संगीत काहींना हलकं वाटतं. मला ते या भावांना अगदी शोभतं.

पुढचा क्रमांक 'द कराटे किलर्स'चा. समुद्राच्या पाण्यातून सोनं काढण्याचं सूत्र, ते शोधत एका शास्त्रज्ञाच्या मुलींमागे लागलेली थ्रश, आणि जोन क्रॉफर्डपासून टेली सव्हालसपर्यंत पाहुण्या कलाकारांची रांग. सुरुवातीच्या जायरोकॉप्टरच्या (हेलिकॉप्टरसारख्या छोट्या विमानाच्या) पाठलागाचे शॉट दोन्हीकडे एकेक करून मांडणार आहे. 'हाउ टु स्टील द वर्ल्ड' शेवटी ठेवलाय, कारण त्याचे दोन भाग हेच जानेवारी 1968 मध्ये मालिकेचे अखेरचे भाग ठरले. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी व्हल्कनच्या जोडीपासून सुरुवात करावी आणि कृष्णधवल आधी पाहावं.