तुम्ही विचारलंत म्हणून : गणितात धर्म कशाला?

इस्लामी मूल्यांशी जोडलेले गणिताचे डिजिटल पाठ मी तयार करतो, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : 'गणितात धर्म कशाला?' बेरीज सर्वांची सारखीच असते, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या सुरुवातीच्या पाठांपुरता तुमचा आक्षेप मला मान्यही आहे. तेव्हा मी फळांच्या जागी खजूर मोजायला देत असे, उत्तर बरोबर आले की पडद्यावर चंद्रकोर उगवे, आणि यालाच मी मूल्यशिक्षण समजत होतो. जकातीचा, म्हणजे संपत्तीतून द्यायच्या अनिवार्य दानाचा, पाठ त्यामानाने बरा जमला, कारण २.५ टक्के काढताना शेकडेवारी आपसूकच येते.

पण मला खरा धडा मिळाला तो वारसावाटपाच्या पाठात. वारसांची निवड मी प्रोग्रॅमवर सोपवली होती. एका विद्यार्थिनीच्या वाट्याला पत्नी, दोन मुली, आई आणि वडील आले. इस्लामी वारसा नियमांप्रमाणे हिस्से अनुक्रमे १/८, २/३ (दोन्ही मुलींचा मिळून), १/६, १/६, लसावि २४. तिने २४ चौकटींच्या पट्टीत पत्नीला ३, आईला ४, वडिलांना ४ चौकटी दिल्या. मुलींना १६ हव्या होत्या, उरल्या १३. पडद्यावर लाल अक्षरे आली : 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' तिने मुलींपासून सुरुवात केली, तेव्हा पत्नीला एकही चौकट उरली नाही. तिने विचारले, "सर, कोणाला वगळायचं?"

तिची बेरीज बरोबर होती. एकूण हिस्से २४ पेक्षा जास्त होऊच शकत नाहीत, हे मीच प्रोग्रॅममध्ये गृहीत धरले होते. हे उदाहरण 'मिंबरिय्या' या नावाने शतकानुशतके प्रसिद्ध आहे, आणि सुन्नी परंपरेत त्याला 'औल'चे उत्तर आहे : छेद २४ ऐवजी २७ करायचा, म्हणजे पत्नीचा १/८ घटून १/९ होतो आणि प्रत्येकाचा वाटा त्याच प्रमाणात कमी होतो. शिया परंपरेला औल मान्य नाही, तीही वाट आता पाठात आहे. तूट कोणी सोसायची, हा प्रश्न अपूर्णांकांतून असा उभा राहतो. मग यात धर्म मी बाहेरून आणून चिकटवला, असे कसे म्हणता?

अर्थात, या उदाहरणात मुलगा नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच. तो आला की मुलीच्या दुप्पट वाटा त्याचा, आणि त्यावर ती विद्यार्थिनी काय विचारील, हेही मला कळते. तो पाठ मी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा अर्धवट सोडला.