हा आयपी दिला कोणी?

सोमवारी आमच्या रुग्णालयात ओपीडीची रांग बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत जाते. नेमक्या त्याच सकाळी केसपेपरच्या निम्म्या खिडक्या ठप्प झाल्या.

"सर, शनिवारी जाताना चांगलं चालत होतं. आत्ता चालू केलं तर सॉफ्टवेअर उघडतच नाही," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. शेजारच्या संगणकावर मात्र पावत्या निघत होत्या. लॅबमधूनही काही तक्रार नव्हती. सर्व्हर पडला असता तर सगळेच अडकले असते, म्हणून मी सर्व्हर रूमकडे न जाता ताईंच्याच खुर्चीत बसलो आणि संगणकाचे नेटवर्कचे तपशील दाखवणारी आयपीकॉन्फिग /ऑल ही आज्ञा टाइप केली.

आमच्या संगणकांचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, १०.२० ने सुरू होतात. इथे दिसत होता १९२.१६८.०.१०४, आणि डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे संगणकांना पत्ते वाटणारा, याच्यासमोर १९२.१६८.०.१. कोणीच उत्तर दिलं नसतं तर विंडोजने स्वतःच १६९.२५४ चा पत्ता लावून घेतला असता. म्हणजे उत्तर कोणीतरी दिलं होतं, आणि ते आमच्या सर्व्हरने दिलं नव्हतं.

नव्याने जोडलेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो. तो ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जाईल अशी, हाक देतो. ऐकणारा सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो, सर्व्हर होकार देतो. या चार पायऱ्या म्हणजे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक. दोन सर्व्हरनी पत्ते देऊ केले तर बहुतेक संगणक आधी आलेला घेतात. देणारा कोण, हे विचारत नाहीत. राल्फ ड्रोम्स यांनी १९९३ साली आरएफसी १५३१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात हा प्रोटोकॉल, म्हणजे पत्ते वाटण्याची ही ठरलेली पद्धत, मांडला, १९९७ च्या आरएफसी २१३१ वर तो आजही चालतो. पत्ता देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय २००१ साली आरएफसी ३११८ ने दिली, पण ती व्यवहारात रुजली नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते, रुग्णालयात तर जास्तच.

आमचा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत, हाका पुढे पोचवणाऱ्या रिलेच्या पलीकडे आहे. शिवाय पत्ता देण्याआधी तो पिंग करून, म्हणजे त्या पत्त्यावर छोटासा संदेश पाठवून, कोणी वापरत नाही ना हे बघतो, त्यात सेकंदभर जाऊ शकतो. आमच्याच इमारतीत कोणीतरी परस्पर जोडलेला उपरा राउटर तेवढ्यात उत्तर देऊन मोकळा होतो. बंद करून पुन्हा सुरू केलेले संगणक त्यामुळेच फसले. लॅबमधले आणि ताईंच्या शेजारचा संगणक रात्रंदिवस चालू होते. पत्ता ठरावीक मुदतीसाठीच मिळतो, त्याला लीज म्हणतात. चालू संगणक लीजची निम्मी मुदत सरली की ज्याने पत्ता दिला त्या सर्व्हरलाच थेट मुदतवाढ मागतो, सगळ्यांना हाक देत नाही. म्हणून ते वाचले.

आता राउटर शोधायचा. एआरपी -ए या आज्ञेने १९२.१६८.०.१ चा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, मिळाला. पहिले सहा आकडे-अक्षरं घरगुती राउटर बनवणाऱ्या कंपनीची निघाली. सगळ्या मजल्यांच्या केबली जिथे येतात त्या कोअर स्विचच्या मॅक टेबलात तो दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या जोडणीवर दिसला, तिथल्या स्विचवर पोर्ट १७ ला. आधी तो पोर्ट बंद केला. मग अडकलेल्या संगणकांवर रिलीज, रिन्यू (जुना पत्ता सोडून नवा मागणं) करत गेलो आणि खिडक्या एकेक करून चालू झाल्या.

पोर्ट १७ ची केबल निवासी डॉक्टरांच्या खोलीत जात होती. टेबलाखाली, सलाइनच्या रिकाम्या खोक्यावर पांढरा राउटर होता; भिंतीतली केबल वॅनच्या (बाहेरच्या नेटवर्कच्या) निळ्या सॉकेटऐवजी शेजारच्या पिवळ्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) सॉकेटमध्ये खोचलेली. वॅनमध्ये असती तर त्याचं पत्ते वाटणं त्या खोलीपुरतंच राहिलं असतं.

"सर, इथे मोबाइलला रेंजच येत नाही. रात्री सीटीच्या इमेज मोठ्या सरांना पाठवायच्या असतात," रात्रपाळी करून बसलेले डॉक्टर म्हणाले. त्यांची गरज खरी होती. ती आमच्यापर्यंत पोचायला वाट असायला हवी होती, असं मी व्यवस्थापनाला लेखी कळवलं आणि त्या खोलीत वाय-फायसाठी आमचा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवून घेतला.

त्याच आठवड्यात सगळ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे पत्ते कोण वाटतंय यावर पहारा, चालू केलं. विश्वासू पोर्ट फक्त सर्व्हरकडे जाणारे. बाकी कुठल्याही पोर्टवरून ऑफर आली तर स्विच ती तिथेच टाकून देतो आणि लॉगमध्ये मॅक पत्त्यासह नोंद करतो. तो लॉग मी आता रोज सकाळी ओपीडी उघडण्याआधी बघतो.