ताजी भाजी की ताजी मासळी?

आठवीतल्या एका मुलाने संतांवरच्या निबंधात तुकोबांचा म्हणून एक अभंग लिहून आणला. चरण नीट बसलेले, भाषा गोड, शेवटी ‘तुका म्हणे’. पण मला तो ओळखीचा वाटेना. शाळेच्या कपाटातली गाथा काढून मागची सूची पाहिली, त्यात नव्हता. ‘मोबाइलवर एआयला विचारलं, बाई,’ असं त्याने सरळ सांगून टाकलं. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. मला छळत राहिला तो वेगळाच प्रश्न: यंत्राने हा अभंग आणला कुठून?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाळेत मराठी शिकवते. गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही हेल्सिंकी विद्यापीठाचा ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. तो २०१८ सालचा आहे, त्याचे सहा भाग आहेत, आणि प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही. इंग्रजी वाचताना वेळ लागायचा, म्हणून रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दोन पानं, एवढंच ठरवलं.

पहिले दोन भाग सरळ गेले. तिसऱ्यात संभाव्यता आली आणि मी आठवडाभर तिथेच अडकले. चाचणी ‘रोग आहे’ म्हणाली, तर तो खरंच असण्याची शक्यता किती? सूत्र चार वेळा वाचून डोक्यात शिरेना. शेवटी ओटीवर बसून दोनशे चिंचोके मोजले. समजा, शंभरात पाच जण आजारी, म्हणजे दोनशेत दहा. चाचणी आजाऱ्यांपैकी ८० टक्के ओळखते, म्हणजे आठ. निरोगी १९०, त्यातल्या १० टक्क्यांना ती चुकून आजारी ठरवते, म्हणजे १९. आठ आणि एकोणीस चिंचोके एकत्र केले. सत्तावीस जणांना ‘रोग आहे’ असं सांगितलं गेलं आणि खरे आजारी फक्त आठ, म्हणजे जेमतेम ३० टक्के! मी कितीतरी वेळ त्या ढिगाकडे बघत बसले. यंत्राच्या उत्तरामागे अशी शक्यतांची मोजदाद असते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं आकड्यांचं जाळं, हा भाग त्यामानाने लवकर उलगडला. आत फक्त आकडे असतात. उत्तर चुकलं की ते किंचित इकडेतिकडे सरकवायचे, आणि असं असंख्य वेळा करायचं. पण चॅटजीपीटीसारखी गप्पा मारणारी साधनं या अभ्यासक्रमानंतर, २०२२ च्या अखेरीस आली. त्यांच्याबद्दल मला वेगळं वाचावं लागलं. त्यातून मला समजलं ते असं: प्रचंड मजकूर वाचायला देऊन यंत्राला मुख्यतः एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे पुढे काय येईल याचा अंदाज. तेही अख्खा शब्द नव्हे, बऱ्याचदा शब्दाचा तुकडा.

हे वर्गात करून पाहिलं. फळ्यावर लिहिलं, ‘थेंबे थेंबे तळे…’ आणि सगळा वर्ग एका सुरात ‘साचे!’ मग लिहिलं, ‘आईने बाजारातून ताजी…’ आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर पुढचा शब्द लिहायला सांगितला. सर्वांत जास्त चिठ्ठ्यांवर मासळी. मग भाजी, कोथिंबीर, मेथी. कांदा किंवा आंबा एकाही चिठ्ठीवर नाही. का नाही, असं विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ताजी म्हटलंय ना, मग आंबा कसा येईल?’ लिंगविचाराचा धडा तेव्हा आठवून कुणी लिहिलं नव्हतं. कानावर पडत गेलेल्या भाषेतून ते आपोआप आलं होतं. यंत्राचंही साधारण असंच होतं.

माझी बहीण साताऱ्याकडे शिकवते. तिला तेच वाक्य पाठवलं. तिच्या वर्गात भाजी पहिली, मासळी एकाच चिठ्ठीवर. दोन्ही वर्ग बरोबर, फक्त त्यांनी ऐकलेली भाषा वेगळी. यंत्रात जो मजकूर भरला त्यात इंग्रजी खूप आणि मराठी थोडी असेल, तर आमच्या खाडीची मासळी त्याच्या अंदाजात कितीशी येणार? ही गोष्ट मला मनापासून टोचते. म्हणून वर्गातल्या मुलांच्या आज्यांच्या म्हणी, मासळीची नावं, शेतीचे शब्द आम्ही वहीत उतरवायला घेतले आहेत.

आणि तो अभंग? अभंगाची ठेवण यंत्राने हजारो ओळींतून उचलली होती. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येणं सर्वांत संभवनीय, म्हणून ते आलं. ओळी खऱ्या आहेत का, हे ताडून पाहायला त्याच्यासमोर गाथा उघडलेली नव्हती.

मी त्या मुलाला हे समजावलं, तेव्हा त्याने वही पुढे केली. ‘मग बाई, खाली नाव कुणाचं लिहू?’ आम्ही दोघांनी मिळून तुकोबांचं नाव खोडलं आणि त्या जागी ‘यंत्राने रचलेला’ असं लिहिलं. मग तो गाथा घेऊन खिडकीपाशी बसला, खरा अभंग शोधायला.