रेस्ट, स्पेल आणि भरती : वेंगुर्ल्यातील आमच्या डी अँड डी मोहिमेचा अनुभव

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हा फासे टाकत, एकेक पात्र होऊन कथा पुढे नेण्याचा खेळ. तो नव्याने खेळणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न पुस्तक उघडले की सुटतात. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले म्हणजे काहीही साध्य होते का? तर नाही; २०१४ च्या नियमांनुसार ती सवलत हल्ल्याच्या फाशाला आहे, कड्यावर चढण्याच्या किंवा पहारेकऱ्याला पटवण्याच्या प्रयत्नाला नाही. ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, दोन कारणांनी मिळाले तर फासे तीन टाकायचे का? तेही नाही, दोनच. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध असल्यामुळे वेंगुर्ल्यासारख्या गावात पुस्तक मिळत नाही ही सबबही उरलेली नाही. फासे ऑनलाइन मागवले आणि मोहऱ्यांऐवजी सावंतवाडीची छोटी लाकडी खेळणी पटावर मांडली. राक्षसाच्या जागी लाकडी आंबा ठेवला तरी कोणाचे काही अडत नाही.

आमच्या गटाला खरा त्रास झाला तो विश्रांतीच्या नियमाचा, आणि त्यावर पुस्तकात सरळ उत्तर नव्हते.

पात्रे पाचव्या पातळीवर पोहोचली तेव्हा आमच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगार पात्राकडे, नऊ स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) होते आणि त्यांपैकी दोनांतून फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकता येत होता. एका फायरबॉलचे सहा बाजूंचे आठ फासे, म्हणजे सरासरी अठ्ठावीस नुकसान, आणि तेही वीस फुटांच्या त्रिज्येत सापडलेल्या प्रत्येकाला. पहिल्याच चकमकीत तो दोन्ही फायरबॉल वापरून मोकळा होई आणि लगेच आठ तासांचा लाँग रेस्ट मागे, कारण सगळे स्लॉट त्यानंतरच परत मिळतात. दुसरीकडे फायटर (लढवय्या) आणि वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारा) यांची बरीचशी ताकद एका तासाच्या शॉर्ट रेस्टनेच परत येते. दिवसात अनेक चकमकी व्हाव्यात हे गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली आहे. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकींचा अंदाज दिला आहे. आमच्याकडे दिवसाला एक चकमक होत असे. फायटर खेळणारा मित्र एका रविवारी शांतपणे म्हणाला, “मगे मी काय करू?” आणि डीएम म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर देणे माझेच काम होते.

त्याच पुस्तकात एक पर्यायी नियम आहे : शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा. तो मी गटापुढे मांडला, पण विझार्डला ती शिक्षा वाटली, आणि माझ्या मते त्याचे म्हणणे रास्त होते. चोवीस तासांत एकाच लाँग रेस्टचा लाभ मिळतो हा मूळ नियम दाखवून दिला, तर पात्रे उरलेला दिवस बसून काढायला तयार! रात्री राक्षस पाठवावेत, तर विझार्डकडे ‘टायनी हट’ हा स्पेल. आठ तास टिकणारा, बाहेरच्यांना आत न येऊ देणारा घुमट. थोडक्यात, विश्रांती अडवून उपयोग नव्हता, विश्रांती घेतली तर काय गमवावे लागेल हे ठरवायला हवे होते.

तोडगा समुद्राने दिला. मोहिमेचा पुढचा टप्पा मी एका पडक्या जलदुर्गात नेला, ज्याला अलिबागच्या कुलाबा किल्ल्याप्रमाणे ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. भरतीचे वेळापत्रक मी मनाने रचणार होतो, पण गटातल्या एकाच्या घरी मासेमारी असल्याने त्याने तिथीची पाऊणपट करण्याचा जुना हिशोब (जितकी तिथी, तिच्या पाऊणपट वाजता भरती) पुढे केला. अष्टमी घेतली तर भरती सहाच्या सुमारास, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो आणि वाट पुरेशी उघडी पडणार नाही. म्हणून उधाणाची द्वितीया घ्यावी, असा त्याचाच आग्रह. द्वितीयेला दुपारी दीडच्या आसपास भरती आणि सकाळी साडेसात-आठला ओहोटी. दहा वाजले की वाट बंद होणार, आणि पाणी चढल्यावर शत्रूच्या होड्या थेट दरवाजाला लागणार.

हे सगळे मी खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकले, कारण लपवलेले घड्याळ खेळाडूंना फसवणूक वाटते. परिणाम लगेच दिसला. पहिली चकमक संपताच विझार्डने रेस्ट न मागता विचारले, “भरती कधी येतली?” एक तासाची विश्रांती परवडत होती, आठ तासांची नव्हती. त्या दिवशी चार चकमकी झाल्या, त्यांतल्या दोन मुख्यतः फायटरने सांभाळल्या, आणि दुसरा फायरबॉल शेवटपर्यंत राखून ठेवला गेला.

वाद झालाच नाही असे नाही. घुमटातून वस्तू आणि प्राणी आत येत नाहीत, पण पाणी ही वस्तू आहे का, यावर चहा निवून गेला. घुमटाच्या आत हवामान कसेही असले तरी कोरडेच राहते असे स्पेलमध्ये लिहिले आहे, म्हणून मी आत पाणी येणार नाही असा निर्णय दिला. मात्र आठ तासांनी घुमट विरला की बाहेर जे असेल ते असेल. खेळ चालू असताना डीएमचा निर्णय मानायचा आणि पुस्तक नंतर उघडायचे, हे आमचे आधीच ठरलेले असल्यामुळे अर्धी रात्र वाचली.

आता विझार्डने पाण्याखाली श्वास घेऊ देणारा ‘वॉटर ब्रीदिंग’ स्पेल आपल्या वहीत उतरवून घेतला आहे. तो चोवीस तास टिकतो, दहा जणांना पुरतो आणि रिच्युअल म्हणून, म्हणजे जास्त वेळ घेऊन, केला तर स्लॉटही खर्च होत नाही, त्यामुळे भरतीचा निम्मा धाक गेलाच. पुढचा टप्पा मी आंबोलीसारख्या पावसाळी घाटात घेत आहे, जिथे व्यापाऱ्यांचा तांडा ठरलेल्या दिवशी घाट उतरतो आणि कोणासाठी थांबत नाही.