आमची वाटचाल: वाकड्या कॉटर पिनीपासून

आमच्या कार्यशाळेतील टेबलाच्या खणात एक वाकडी कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) आसाला अडकवणारी खीळ, आजही जपून ठेवलेली आहे. रॉड ब्रेकची, गंजून लाल झालेली एक जुनी सायकल स्वतःच नीट करावी या हौसेने मी तिला हात घातला, तेव्हा क्रँक उतरवणे हे दहा मिनिटांचे काम वाटले होते. नट पूर्ण काढून पिनीच्या उघड्या आट्यांवर मी हातोडीचे हलके घाव घालत राहिलो. पिनीचे टोक फुलले, ती वाकली आणि छऱ्यांनी आसाच्या बेअरिंगच्या कपात खळगे पाडले ते वेगळेच. नट पिनीच्या टोकाबरोबर ठेवावा, क्रँकखाली जाड पाइपाचा टेकू द्यावा, गंज सैल करणारे तेल दोन रात्री मुरू द्यावे आणि मग एकच जबर घाव घालावा, हे शहाणपण पिन वाया गेल्यावर आले. इंग्लिश धाटणीच्या फ्रेममध्ये उजव्या बाजूच्या बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या आसाचे बेअरिंग) कपाला डावे, म्हणजे उलटे आटे असतात, हे ठाऊक नसल्याने मी तो सोडवतो आहे असे समजून अर्धा दिवस आवळत बसलो होतो, हेही येथे नमूद करतो.

ती सायकल धावू लागल्यावर ओळखीच्या लोकांच्या सायकली येऊ लागल्या आणि त्यातून कार्यशाळा उभी राहिली. आमची पद्धत सुरुवातीपासून एकच होती: मूळ रंग जितका टिकेल तितका टिकवायचा, गंज ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात उतरवायचा, लगेच सोड्याच्या पाण्याने धुवून भाग कोरडा करायचा आणि क्रोमवरचे डाग पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलने घासायचे.

तिसऱ्या वर्षी आमच्या शेजारीच दुसरी कार्यशाळा उघडली. तेथे प्रत्येक फ्रेम वाळूच्या माऱ्याखाली नेली जात असे, तिच्यावर पावडर कोटिंगचा जाड थर चढत असे आणि वर नवे स्टिकर लावून ती ‘मूळ अवस्थेतील’ म्हणून परत दिली जात असे. आठ दिवसांत चकचकीत सायकल मिळत असताना आमच्या दोन महिन्यांची वाट कोण पाहणार? गिऱ्हाईक तिकडे वळू लागले आणि मी घाबरून माझ्या हातून होऊ नये ती चूक केली. अकरा फ्रेम एकदम वाळूच्या माऱ्यासाठी बाहेर पाठवल्या. त्यातील एका फ्रेमच्या नळ्यांवर कारागिराने ब्रशने ओढलेल्या सोनेरी रेषा होत्या. फ्रेम परत आली तेव्हा उघडे, करडे पोलाद तेवढे उरले होते आणि बीबीच्या नळीतून मूठभर वाळू निघाली. मालकाने आवाज चढवला नाही. फ्रेमवरून एकदा बोट फिरवले आणि ती तशीच उचलून नेली. ही हकीकत शेजाऱ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगितली. स्वतः ते काम रोज करणाऱ्यांनी ती सांगावी, याचा सल मला अजून आहे. पुढचे पाच महिने आमच्याकडे पंक्चरखेरीज काम नव्हते आणि चाक सरळ करण्याचा ट्रूइंग स्टँडसुद्धा विकावा लागला.

त्या काळात एक निवृत्त शिक्षक स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा एडब्ल्यू हब (चाकाच्या मधला, आत गिअर असलेला भाग) असलेली रॅले सायकल घेऊन आले. हबच्या कवचावर ‘५२ ७’ असे ठोकलेले होते, म्हणजे तो १९५२ च्या जुलैमधला. “रंगाला हात लावू नका, फक्त चालती करा,” एवढेच ते म्हणाले. हब खोलून पाहिला तर पॉल, म्हणजे आतले छोटे खटके, झिजलेले नव्हते. कोणीतरी आत ग्रीस कोंबल्यामुळे ते चिकटून बसले होते. स्वच्छ धुवून हलके तेल सोडताच तिन्ही गती लागू लागल्या. बीबीचा कप मात्र बाजारातला बसेना, कारण रॅलेचे आटे इंचाला २६ आणि इतरांचे २४. अखेर जुनाच कप पॉलिश करून नव्या छऱ्यांवर बसवला. त्या सरांनी पुढे आपल्या ओळखीची इतकी माणसे पाठवली की स्टँड परत घेता आला. नंतरची वर्षे सुरळीत गेली. त्यांविषयी सांगण्यासारखे फार नाही.

नवशिक्यांना, कोणी विचारले नसले तरी, सांगतो: काही सोडवण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, कोन (बेअरिंगचे शंकूच्या आकाराचे भाग) आणि छरे बाजूवार वेगळ्या डब्यांत ठेवा, डावे पायडल उलट्या आट्यांचे असते हे विसरू नका आणि पहिल्याच सायकलीवर कानस चालवू नका. नवी कॉटर पिन बसवल्यावर थोडे अंतर चालवून तिचा नट पुन्हा तपासा, कारण पिन बसत जाते आणि सैल राहिली तर क्रँकचे भोक खाते.

शेजारची कार्यशाळा अजून चालू आहे. त्यांच्याकडे अडकलेला उजवा कप आला की तो तिसऱ्याच माणसाच्या हाती आमच्याकडे पोहोचतो. आम्ही तो काढून देतो, मात्र पावती त्यांच्याच कार्यशाळेच्या नावाने फाडतो.