जुन्या चिठ्ठीवरचे वजन : मुलीच्या उलट्यांच्या रात्रीचा माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात, बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी भागातल्या आमच्या गावी, चार वर्षांच्या माझ्या मुलीला संध्याकाळी सात वाजता उलट्या सुरू झाल्या आणि दहा वाजेपर्यंत पाच झाल्या. पाणी प्यायले की ते तसेच बाहेर येत होते. वीज दुपारपासून गेलेली होती. त्या रात्री माझ्या हातून जे घडता घडता राहिले, ते लहान मुलांच्या घरांतून सहज घडू शकते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी तिला अशाच उलट्या झाल्या होत्या, तेव्हा डॉक्टरांनी डोम्पेरिडोन हे उलटीवरचे पातळ औषध अडीच मिली द्यायला सांगितले होते. ‘अडीच’ हा आकडा माझ्या आणि सासूबाईंच्या डोक्यात पक्का बसला होता. कपाटात उलटीच्या औषधाची एक बाटली होती, ती धाकट्या जाऊबाईंच्या बाळासाठी आणलेली. औषधाचे नाव तेच. मोबाईलच्या उजेडात मी पिचकारीत अडीच मिली भरलेही होते. तेवढ्यात बाटलीवरच्या बारीक अक्षरांकडे लक्ष गेले, कारण बाटली फारच लहान वाटत होती. तिच्यावर ‘प्रत्येक मिलीमध्ये १० मिलिग्रॅम’ असे छापलेले होते. जुन्या चिठ्ठीच्या फाईलमध्ये जपून ठेवलेले खोके काढून पाहिले, तर त्यावर ‘प्रत्येक मिलीमध्ये १ मिलिग्रॅम’ होते. एक थेंबांचे औषध होते आणि दुसरे चमच्याने द्यायचे. मी जे मुलीच्या तोंडाशी नेत होते ते जुन्या मापाच्या दहा पट होते. मी पिचकारी मोरीत रिकामी केली आणि थोडा वेळ हात थरथरत होते.

यजमानांनी बेळगावच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. डॉक्टर कन्नड भाषक आहेत, पण मराठी अगदी आपुलकीने बोलतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो वजनाचा. मी म्हटले, “चौथे वर्ष पूर्ण झाले आहे.” ते म्हणाले, “अक्का, वय नको, वजन सांगा.” ते मला ठाऊक नव्हते. जुन्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात ९ किलो लिहिलेले होते, पण ते दोन वर्षांपूर्वीचे. मग त्यांनी एकामागून एक विचारले : उलटीचा रंग हिरवा आहे का, तिच्यात रक्त दिसते का, पोट फुगलेले किंवा ताठ लागते का, दिवसभरात कुठे डोके आपटले का, शेवटची लघवी किती वाजता झाली, हाक मारली की नीट ओ देते का. हिरवी उलटी, पोटातील तीव्र वेदना, डोक्याला मार किंवा मूल सुस्त पडणे यांपैकी काहीही असेल, तर घरी औषध शोधत बसू नये, कारण उलटी थांबवण्याच्या नादात आतड्याचा अडथळा किंवा मेंदूवरची सूज यांसारखे मूळ कारण झाकले जाण्याची भीती असते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आमच्या मुलीला यातले काही नव्हते, पण दुपारी चारनंतर लघवी झालेली नव्हती. तेवढ्यावरून त्यांनी लगेच घेऊन यायला सांगितले.

दवाखान्यात काट्यावर तिचे वजन १३ किलो भरले. डॉक्टरांनी ऑन्डनसेट्रॉन या औषधाचे सिरप दिले. त्यात ५ मिलीमध्ये २ मिलिग्रॅम औषध असते आणि किलोमागे साधारण ०.१५ मिलिग्रॅम या हिशेबाने तिला ५ मिली बसले. हे औषध मुळात कर्करोगाच्या उपचारांत होणाऱ्या उलट्यांसाठी वापरात आले. उलटीचा संदेश मेंदूपर्यंत नेणाऱ्या सेरोटोनिनचा मार्ग ते अडवते. हृदयाच्या ठोक्यांचा काही विकार असलेल्या किंवा ॲझिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत ते डॉक्टरांना आधी सांगावेच लागते, कारण या दोन्ही औषधांचा परिणाम ठोक्यांच्या लयीवर होऊ शकतो. औषध पोटात जाऊन पंधरा मिनिटांच्या आत उलटून पडले, तरच ते पुन्हा एकदा द्यायचे, त्यानंतर नाही, असेही त्यांनी बजावले.

डॉक्टरांनी ज्यावर सर्वांत अधिक भर दिला ते औषध नव्हते, तर मीठ-साखरेचे पाणी होते. उलटीच्या औषधाचे काम एवढेच की ते पाणी पोटात टिकावे. वीस मिनिटांनी परिचारिकेने ओआरएसचे पूर्ण पाकीट मोजून एक लिटर पाण्यात मिसळले आणि मला एक छोटा चमचा देऊन दर दोन मिनिटांनी एकेक पाजायला सांगितले. मुलगी तहानलेली होती आणि पेला हिसकावून घेत होती, तिला चमच्यावर थांबवणे हेच त्या रात्रीतले सर्वांत कठीण काम ठरले. सासूबाई आजवर अर्धे पाकीट एका पेल्यात कालवत असत, “घट्ट असले की जोर येतो” असे म्हणत. तसे केले की पाण्याच्या मानाने मीठ आणि साखर फार होते आणि जुलाब वाढू शकतात, हे त्यांना डॉक्टरांनी इतक्या शांतपणे समजावले की त्यांनी ते लगेच मान्य केले. रात्री एकच्या सुमारास मुलीला लघवी झाली आणि आम्हाला घरी जाण्याची परवानगी मिळाली.

औषधाच्या पुडीवर दुकानदाराने कन्नडमध्ये लिहून दिले होते. माझे शिक्षण मराठी शाळेतले असल्यामुळे कन्नड मी अक्षर जुळवत वाचते. ‘वांती’ हा शब्द ओळखीचा निघाला, तो आपल्याकडेही आहे, ‘नंतर’ही कळला, पण ‘ऊटद मोदलु’ म्हणजे जेवणाआधी, हे विचारून घ्यावे लागले. आपल्या सीमाभागात पुडीवरचा मजकूर अर्धवट समजून घेऊन औषध देणारी घरे मी पाहिली आहेत. मी दुकानातच पूर्ण वाचून घेतला आणि त्याच पुडीवर मराठीत माप लिहिले. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, तेव्हा डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या, दिवसाला २० मिलिग्रॅम, १४ दिवस दिल्या. उलटीचे औषध मात्र पुन्हा दिले नाही.

मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या आणखी एका औषधाबद्दल मी डॉक्टरांना मुद्दाम विचारले, कारण माझ्या माहेरच्या एका नातेवाइकाच्या मुलाची ते घेतल्यावर मान वाकडी झाली होती आणि डोळे वर फिरले होते. घरच्यांनी ती बाहेरची बाधा समजून दृष्ट काढली होती. मुलांमध्ये या औषधाने स्नायू असे आखडण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये एक वर्षाखालील बाळांना ते देऊ नये असे ठरवले आहे. मान वाकडी झाल्यास तातडीने दवाखाना गाठायचा, हे मी नातेवाइकांना फोन करून सांगितले.

दिवाळीत चोर्ला घाटातून गोव्याला जायचे होते. उरलेले सिरप सोबत घ्यावे असे वाटले, पण गाडी लागण्यावर ऑन्डनसेट्रॉन विशेष चालत नाही, हे डॉक्टरांकडून कळले. प्रवासाच्या औषधांतील प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. आम्ही मुलीला हलके खायला देऊन पुढच्या बाजूला बसवले आणि वळणांवर गाडी सावकाश चालवली.

कपाटातली ती थेंबांची बाटली जाऊबाईंनी वेगळ्या डब्यात ठेवली आहे. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दळण घेऊन गिरणीत जातो, तेव्हा गिरणीवाले मामा मुलीला धान्याच्या मोठ्या काट्यावर उभे करतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. तो मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, तारखेसह, खडूने लिहिते. गेल्या वेळचा आकडा १४ किलो ३०० ग्रॅम आहे.